खात्याबरोबरचा विमा

सांगली, ९ डिसेंबर २०२४

रेश्मा,

तुझा ईमेलचा पत्ता अक्षतानं दिला. तिच्याकडं तो कसा आला, हे मी बायकोला विचारलं नाही.

आईला तुझ्याकडं यायचं आहे. आबांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले आणि त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "इंद्रजित, माझा पासपोर्ट काढ. मी रेश्मीकडं जाणार." मला वाटलं दमलीय, बोलतीय, विसरेल. विसरली नाही. आता पासपोर्ट निघाला. व्हिसासाठी तुझी आणि कपिलची कागदपत्रं लागतील. ती पाठव.

दुसरं विम्याचं. आबांची पेन्शन आता आईच्या नावावर आहे. आबा फौजेतले, म्हणून ते खातं फौजी पॅकेजचं. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, प्रवासाचा विमा खात्याबरोबरच आहे, वेगळा काढायची गरज नाही. माझं मन मानत नाही. तिकडं इंग्लंडात माणूस आजारी पडलं तर कसं असतं? पाहुण्याला दवाखान्याचं बिल येतं का? एवढं कळव.

फोन करू नको. दहा वर्षांनी फोनवर काय बोलायचं ते मला सुचणार नाही.

इंद्रजित


सांगली, २३ डिसेंबर

रेश्मा,

कागदपत्रं मिळाली. आबा गेल्याचं तुला कुणी का कळवलं नाही, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आत्ता लिहीत नाही. विम्याचं लिहितो.

तुझं वाचून मी पुन्हा बँकेत गेलो. आईची सही लागेल म्हणून तिलाही नेलं. मॅडम तशा भल्या आहेत. म्हणाल्या, "सर, विमान अपघात आहे, वैयक्तिक अपघात आहे, सामान हरवलं तर थोडंफार मिळतं."

मी म्हटलं, "आणि ताप आला, ॲडमिट करावं लागलं तर?"

त्यांनी पुस्तिका चाळली. मग आत साहेबांना विचारून आल्या. "आजारपण यात येत नाही सर. हे कुणी विचारतच नाही."

आई खुर्चीत पुढं सरकली. म्हणाली, "म्हंजी इमान पडून मेले तर पैसं मिळणार, आन् तितं जाऊन निस्ता खोकला झाला तर न्हाई?"

"तसंच आहे काकू."

"मग ह्यो इमा मला नगं. माझ्या पोराला द्या, त्येला लय घोर असतोय."

मॅडम हसल्या. मीही हसलो. बँकेतनं बाहेर आल्यावर आई पायरीवर थोडा वेळ बसली. ऊन लागलं म्हणाली.

तर खात्याबरोबरचा विमा पुरेसा नाही, हे ठरलं. वेगळा काढावा लागेल.

तुझ्या मेलखाली कपिलनं दोन ओळी लिहिल्यात. "इंद्रा, काळजी करू नको, आम्ही आहे." मला इंद्रा म्हणणारा तो एकटाच होता. कुपवाडला एका मशीनवर पाळ्या केल्या आम्ही, एका डब्यात जेवलो. त्याला आपल्या घरी पहिल्यांदा मीच आणला. त्याला सांग, वाचलं म्हणून.

इंद्रजित


सांगली, १४ जानेवारी २०२५

रेश्मा,

आज संक्रांत. आईनं तुझ्या नावाचे तिळगूळ वेगळे काढून ठेवलेत. ते मार्चपर्यंत टिकणार नाहीत, असं अक्षता म्हणाली, तर म्हणते टिकतील.

तुला एक सांगितलं नव्हतं. आईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह अरुंद झालाय. आबा आजारी होते तेव्हाच कळलं. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ती नको म्हणाली. आबांचं सगळं होऊ दे, मग बघू. आबांचं झालं. आता म्हणते, रेश्मीला बघू दे, मग बघू. म्हणून मी तिला कुंडलवरनं सांगलीला आणली. ऊस वाट्यानं दिलाय. चार पायऱ्या चढली की दम लागतो, पण माणसांत बसली की कुणाला कळू देत नाही. तुला व्हिडिओत दिसते ती तशी नाही. तो फोन हल्ली अक्षता लावून देते, हे मला ठाऊक आहे. मी तेव्हा मुद्दाम बाहेर जातो.

विमा काढायला सिद्धूकडं गेलो होतो. माझ्या वर्गातला सिद्धू, आता विम्याचं काम करतो. त्यानं विचारलं, "आईला काय दुखणं?" मी सांगितलं. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "इंद्रजित, व्हॉल्व्हचं धरून कुणी विमा देणार न्हाई. बाकी सगळं मिळंल, हृदयाचं सोडून."

"मग उपयोग काय त्याचा?"

"तसंच म्हणशील तर एक करता येतंय. ते लिहूच नको. तपासत न्हाईत."

आई शेजारीच होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सिद्धू, दहा सालानं लेकीच्या घरी चाललीया मी. आन् खोटं लिहून जाऊ व्हय रं?"

मी तिला घरी आणली. रेश्मा, बँकेचा विमा अपघाताचा, दुसरा विमा हृदय सोडून. आईला जे होण्याची भीती आहे ते दोन्हींत नाही. मी आईला पाठवणार नाही. ठरवलंय. तिला मी सांगेन, तू तिला आस लावू नको.

इंद्रजित


सांगली, ३ फेब्रुवारी

रेश्मा,

तुझा राग वाचला. मी मालक नाही आईचा, असं तू लिहिलंस. बरोबर आहे.

"मग मीच येते," असंही तू लिहिलंस. मला तेच बरं वाटलं. सुटका झाली असं वाटलं, खरं सांगतो. आईला म्हटलं, रेश्माच येतीय पोरीला, क्रांतीला घेऊन, आता तरी हट्ट सोड. तिनं ताट बाजूला सारलं.

"कुठं येणार ती?"

"इथं. आपल्या घरी."

"आरं, तिला तुज्या बानं भावकीसमोर सांगितलं, तू आमाला मेलीस. जात काढली त्या पोराची. मी चुलीपाशी बसून ऐकलं. उठले सुदिक न्हाई. आता म्हातारपणी मला करमंना म्हून तिनंच यायचं? पोरगी घिऊन, खाली मान घालून? न्हाई. मी जाणार. तिच्या घरात जाऊन तिच्या हातचं खाणार. मग तिला वाटलं तर ईल."

"आई, वाटेत काय झालं तर?"

"हितं काय व्हायचं न्हाई ह्येचा कागद दिलाय का तुला कुणी?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग मी रजा टाकून तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांना म्हटलं, तुम्हीच नाही म्हणा, म्हणजे ती ऐकेल. ते म्हणाले, "विमानात बसू शकतील. पण हमी मी देणार नाही. तशी हमी मी त्या सांगलीत राहिल्या तरी देत नाही." आई मान डोलवत होती, जसं काही डॉक्टर तिच्याच बाजूचे.

येताना तिनं गाडी थांबवायला लावली आणि क्रांतीसाठी फ्रॉक घेतला. माप माहीत नाही. दुकानदाराला हातानं दाखवलं, एवढी हाय म्हणून.

अक्षता म्हणाली, "आवं, तुम्ही विमा बघताय का आईंना अडवायचं निमित्त बघताय?" मी जेवणावरनं उठलो. पण ती चुकीचं बोलली नाही.

तर पाठवतो. हृदय सोडून जो विमा मिळतो तो काढतो, पाय मोडला, ताप आला तर उपयोगी पडेल. बाकीचं आपल्या दोघांवर. तुझी आणि कपिलची तयारी आहे का, नीट विचार करून लिही. नंतर कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

दादा

(आबांच्या वेळी तुला मीच कळवू दिलं नाही. अक्षता फोन हातात घेऊन उभी होती. बास, एवढंच.)


सांगली, २८ मार्च

रेश्मे,

उद्या पहाटे मुंबईला निघतो. परवा आई तुझ्याकडं.

तिच्या बॅगेत काय काय आहे ते सांगतो, म्हणजे विमानतळावर कुणी विचारलं तर कळू दे. शेंगदाण्याची चटणी, बेदाणे, हळद, दोन किलो ज्वारीचं पीठ, ते तिळगूळ. लोणचं मी काढून ठेवलं, ते तिनं परत घातलं. कपिलच्या आईनं पलूसहून चकल्या पाठवल्यात. हो, मी गेलो होतो त्यांच्या घरी. बायडाबाईंनी मला ओळखलंच नाही आधी. ओळखल्यावर चहा ठेवला. निघताना म्हणाल्या, "तुमच्या आईला म्हणावं, सांभाळून जावा."

गोळ्यांची पाकिटं मी सकाळ, दुपार, रात्र अशी वेगळी बांधलीत. ती विसरत नाही, पण घेतल्या म्हणून खोटं सांगते. तेवढं खोटं तिला चालतं. जिना चढायला लावू नको, खाली झोपव. पाय सुजले तर लगेच दाखवायचं, ती म्हणेल चालल्यानं सुजलेत, ऐकायचं नाही.

व्हीलचेअर सांगितलीय. त्यावरनं भांडण झालं. "लोकं काय म्हणतील, लुळी हाय का?" शेवटी अक्षतानं सांगितलं, आई, खुर्चीत बसलं की रांग लागत नाही. मग तयार झाली.

रेश्मे, मला भ्या वाटतंय. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

दादा


सांगली, १८ मे

रेश्मे,

आईशी रोज बोलणं होतं, पण तुझ्याशी होत नाही. फोन तिच्या हातात असतो आणि ती सोडत नाही. आणि तू फोनवर आलीस की मलाच कसं तरी होतं. म्हणून लिहितो.

काल तिनं अर्धा तास कपिलचंच सांगितलं. "आरं, बाहीर निगालं की माज्या बुटाच्या नाड्या ह्यो बांदतोय. खाली बसून! जावई हाय, पाय धरू नगं म्हटलं, तर म्हणतोय, आत्या, तुमी वाकू नका. लय लाज वाटती रं मला." हे सांगताना तिचा आवाज इतका खूष होता की मी कारखान्यात मशीनच्या आवाजातही कान देऊन ऐकत राहिलो.

तुझ्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, त्याच्यासमोर ती रोज सकाळी दिवा लावते म्हणे. कुणी सांगितलं नाही, तिनंच सुरू केलं. मला म्हणाली, "घर तिचं, मग देव बी तिचंच." बुद्ध देव नव्हे, असं क्रांतीनं तिला समजावलं म्हणे. इंग्रजीत! आणि आईला ते कळलं म्हणे!

क्रांती तिला आकडे शिकवते आणि ती क्रांतीला भाकरी थापायला शिकवते, हेही कळलं. तो फ्रॉक लहान झाला ना? मी तेव्हाच म्हणत होतो.

आज सांगलीत लय ऊन आहे. घर मोकळं मोकळं वाटतं. अक्षता म्हणते, तुम्ही आईंच्या खोलीत जाऊन का बसता?

ऑगस्टचं परतीचं तिकीट आहे. ती पुढं ढकला म्हणाली तर ढकला. मी काही म्हणणार नाही.

दादा


सांगली, ११ जून

रेश्मे,

तुझा फोन आल्यापासून मी कामावर गेलो नाही. स्वयंपाकघरात पडली, शुद्ध नव्हती, ॲम्ब्युलन्स लगेच आली, एवढंच डोक्यात फिरतंय.

माझा पासपोर्ट नाही. आईचा काढला तेव्हा अक्षता म्हणत होती, तुमचाही काढा. मी म्हटलं, मला कुठं जायचंय. आज तातडीचा अर्ज टाकला, पण त्यानंतर व्हिसा, म्हणजे मी काही पोचत नाही. हे मला कळतंय.

सिद्धूनं कंपनीला फोन लावला होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कारण हृदयाचं आहे का. हो म्हटल्यावर त्यांनी मिळणार नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा माझ्याकडं बघेना. मी म्हटलं, सिद्धू, तू सांगितलंच होतंस.

खर्चाचं मनात आणू नको. डॉक्टर जे म्हणतील ते करा. कपिलनं कंपनीतनं उचल मागितली असं अक्षताकडनं कळलं. त्याला म्हणावं, एकट्यानं करू नको, मी कुंडलचा तुकडा विकीन लागला तर.

शुद्धीवर आली की तिच्या कानाला फोन लाव. मी बोलणार नाही काही, नुसता तिचा आवाज ऐकतो.

दादा


सांगली, १४ जून

रेश्मे,

काल तू फोनवर रडत होतीस आणि मी फोन अक्षताच्या हातात दिला. म्हणून आज बसलोय लिहायला.

तू म्हणालीस, "दादा, मी बोलावलं नसतं तर ती अजून असती." तू बोलावलंच नव्हतंस. ती आली. तुला माहीत आहे ती कशी आली. मला अडवता आलं नाही, तुला कुठनं अडवता येणार? शेवटी तिनं तुझा हात धरून ठेवला होता, हे तू सांगितलंस. रेश्मे, इथं असती तर तो हात माझा असता. आणि मला वाटतं, ती डोळे उघडून दाराकडं बघत राहिली असती.

आता मुद्द्याचं. आईला इकडं आणायचं का, असं तू विचारलंस.

काल संध्याकाळी लालातात्या आणि भावकीतली चार माणसं आली होती. तात्या म्हणाले, "मातीला तरी आणा रं. सुभेदाराची बायको, परक्या मुलखात जाळायची? आन् अग्नी कोण देणार, ती पोरगी?"

मी म्हटलं, "तात्या, तिच्याजवळ तीच होती."

"आरं, पण तिचा आपला संबंध तुटला की."

"तो आबांनी तोडला. आईनं तिच्या घरात अडीच महिने भाकरी खाल्ली. तुटला कुठं?"

तात्या उठून गेले. मला बरं वाटलं नाही, ते वयानं मोठे आहेत. पण मी थांबवलंही नाही.

काल दुपारीच बँकेत जाऊन आलो होतो. त्या मॅडमनी वरती दोन ठिकाणी फोन केले. अपघात असता तर देह आणायचा खर्च मिळाला असता, असं म्हणाल्या आणि त्यांनाच रडू आलं. मीच त्यांना म्हटलं, असू दे मॅडम.

पैशामुळं मी नको म्हणतोय असं नाही. पैशाचा काहीच संबंध नाही म्हटलं तर तेही खोटं होईल. पण कपिल म्हणाला, इंद्रा, तू फक्त सांग, मी आणतो. तो आणेल, हे मला ठाऊक आहे. तरी मी सांगतो, नको. पेटीत घालून, कागद लावून, या विमानातनं त्या विमानात, तिला असं फिरवायचं नाही. व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हती ती.

तिथंच करा. अग्नी तू द्यायचा. तिथं बटण दाबायचं असतं म्हणालीस, तर बटण तू दाब. कपिलनं तुझ्याजवळ उभं राहावं. तिला हिरवी साडी नेसव, ती अबोली काठाची. अक्षतानं तिच्या बॅगेत सगळ्यात खाली घातली होती. तुझ्या घरी काही कार्य निघालं तर असावी म्हणून. तुमच्या पद्धतीनं वंदना म्हणायची असेल तर म्हणा. तिला चालेल.

मला मोबाईलवर दाखवा. मी आणि अक्षता इथं आंघोळ करून बसतो.

दादा


सांगली, ६ जुलै

रेश्मे,

तुझी तिकिटं बघितली. शनिवारी मुंबई. तुम्ही तिघंही येताय, हे वाचून अक्षतानं घर धुवून काढायला घेतलंय.

अस्थींचा डबा हातातल्या पिशवीत ठेव, बरोबर दाखला ठेव. विमानतळावर अडवलं तर शांतपणे सांगायचं, भांडायचं नाही. तू लहानपणापासनं भांडकुदळ.

कृष्णेच्या घाटावर सकाळी जाऊ. मग कुंडलला. भावकीतलं कोण येईल, कोण नाही, मला माहीत नाही. तात्यांचा निरोप आलाय, मी येतोय म्हणून. का येतायत ते सांगितलं नाही. बायडाबाई येणार आहेत पलूसहून. त्यांना आणायला मी जातोय.

क्रांती काय खाते ते कळव. मिरची किती चालते, दूध कसलं लागतं, रात्री झोपायला काय लागतं. आई फोनवर म्हणायची, पोरगी भाताला हात लावत नाही. मग भाकरीच करू.

एक गोष्ट लाजेची आहे, पण सांगून ठेवतो. आपण दोघांनी फोनवरही एकमेकांना नीट बघितलेलं नाही. तू गेलीस तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या. आता केस गेलेत, पोट आलंय, चष्मा लागलाय. विमानतळाबाहेर गर्दी असते, पाट्या घेऊन माणसं उभी असतात. मी पाटी आणणार नाही, बहिणीसाठी कुठं पाटी आणतात.

तू मला शोधत बसू नको. बाहेर आलीस की कठड्यापाशी उभी राहा. मी हाक मारतो.

दादा